व्हीआरमध्ये (आभासी वास्तवात) पहारेकऱ्यांना चुकवत लपतछपत पुढे सरकण्याचे खेळ खेळण्यासाठी पहिला हेडसेट
पहिल्या खरेदीसाठी मेटाचा क्वेस्ट ३एस पुरेसा आहे. २०२३ च्या क्वेस्ट ३ मधलीच चिप त्यात असून फरक मुख्यतः भिंगांचा आणि पडद्याच्या स्पष्टतेचा आहे. मात्र घेण्यापूर्वी तो डोक्यावर चढवून पाहाच, कारण त्यात भिंगांमधील अंतराचे तीनच टप्पे आहेत आणि ते तुमच्या डोळ्यांशी जुळले नाहीत, तर अंधाऱ्या दालनातला पहारेकरी धूसरच दिसेल. पावलांची चाहूल कानांनीच लागते. ३एसला हेडफोनची साधी खोबण नसल्याने यूएसबी-सी इयरफोन घ्यावा.

‘असॅसिन्स क्रीड नेक्सस’ या खेळापासून सुरुवात करा आणि आरंभी टेलिपोर्टची (चालत न जाता थेट नेमलेल्या जागी पोहोचण्याची) हालचाल निवडा. नवखे खेळाडू हमखास दोन चुका करतात:

- मळमळू लागल्यावरही खेळत राहतात.
- खेळातल्या भिंतीला टेकायला जातात. (हसू नका, तुम्हीही जाल.) म्हणून भोवतालची जागा मोकळी ठेवा.