जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या परदेशी शिक्षकाला शनिवार-रविवार फिरायला मिळतात का?

हो, बहुतेक मिळतात. जेट प्रोग्रामवर (परदेशी लोकांना जपानच्या शाळांत नेणारी तिथली सरकारी योजना) सहाय्यक शिक्षकाला आठवड्याला साधारण ३५ तास काम असतं, तेही सोमवार ते शुक्रवार, मी दोन वर्षं तेच केलंय म्हणून सांगतो. अडतं कुठे, तर उन्दोकाई म्हणजे शाळेचा क्रीडादिन, तो बऱ्याचदा शनिवारी नाहीतर रविवारी असतो, अख्खा दिवस धुळीत मैदानावर, आणि बदली सुट्टी मिळते सोमवारी, नेमकी तेव्हाच बरीचशी म्युझियमं बंद! त्यामुळे सोमवार डोंगर नाहीतर ओन्सेनसाठी (गरम पाण्याचे झरे) ठेवायचा. परतीची शेवटची ट्रेन आधी बघून ठेवा, मोठ्या शहरातही मध्यरात्रीच्या आसपास संपतात, खेड्याकडे तर बऱ्याच आधी. खाजगी क्लासमध्ये (एइकाइवा) मात्र उलटं, तिथे शनिवार-रविवारीच गर्दी असते.