ब्रिकेट घेताना पिशवी उलटी करून वाचा

अंगणातल्या बार्बेक्यूसाठी ‘नॅचरल’ लिहिलेल्या ब्रिकेट, म्हणजे कोळशाची भुकटी दाबून केलेल्या वड्या, घ्यायच्या आहेत, पण सगळ्या पिशव्या सारख्याच दिसतात, असं तुम्ही म्हणताय. पिशवीच्या पुढच्या बाजूचा तो शब्द सोडा, पिशवी उलटी करा आणि घटक वाचा. तिथे दोनच गोष्टी असाव्यात: लाकडाचा किंवा नारळाच्या करवंटीचा कोळसा, आणि मका, गहू किंवा टॅपिओकाचा स्टार्च. कोळशाची भुकटी नुसती दाबून टिकत नाही, ती धरून ठेवायला काहीतरी चिकट लागतंच, त्यामुळे स्टार्च बघून बिचकू नका.

साध्या ब्रिकेटमध्ये याखेरीज बरंच काही असू शकतं. धग टिकायला दगडी कोळसा, राख पांढरी दिसावी म्हणून चुनखडी, साच्यातून सुटायला बोरॅक्स (टाकणखार), लवकर पेटायला सोडियम नायट्रेट. यातली चुनखडी मला सगळ्यात खटकते. वर राखेचा पांढुरका थर आला की निखारे तयार, हे आपण डोळ्यांनी ठरवतो. चुनखडी तो पांढरा रंग ठळक उठवते, पण स्वतः जळत नाही. तिचे पैसे आपण कोळशाच्या भावाने मोजतो आणि शेवटी ती राखेत जाते. घटक छापलेच नसतील तर मी ती पिशवी घेत नाही. काडी लावताच पेटणाऱ्या, आधीच द्रव मुरवलेल्या ब्रिकेटही नकोत. तो द्रव पुरता जळायच्या आत अन्न ठेवलं तर वास लागतो, आणि भाजणं चालू असताना त्यांची भर घालता येत नाही.

काही पिशव्यांवर ईएन १८६०-२ असा युरोपीय मानकाचा उल्लेख असतो. त्यात ब्रिकेटसाठी स्थिर कार्बन (तापवल्यावर वायू उडून गेले की मागे उरणारा, जळणारा कार्बन) किमान ६० टक्के, राख जास्तीत जास्त १८ टक्के आणि ओलावा जास्तीत जास्त ८ टक्के अशी मर्यादा आहे. राखेचा आकडा घरीही ताडून बघता येतो. लहान पिशवी आणा, १ किलो ब्रिकेट मोजून घ्या, हवेची भोकं उघडी ठेवून पूर्ण जळू द्या आणि राख अगदी गार झाली की वजन करा. १८० ग्रॅमच्या वर गेली तर दुसरा माल बघा. करवंटीच्या चांगल्या ब्रिकेटची राख याच्या खूपच कमी भरते.

दुकानातही थोडं कळतं. पिशवी हलक्या हाताने हलवा. तळाशी भुगा खळखळत असेल तर माल आदळआपट झालेला किंवा कच्चा दाबलेला आहे, आणि तोच भुगा पुढे निखाऱ्यांमधली हवेची वाट बुजवतो. घरी आणल्यावर एक ब्रिकेट हाताने मोडून बघा. चांगली सहज मोडत नाही, आणि मोडलीच तर आतून एकसारखी काळी, कोरडी दिसते.

करवंटी की लाकूड? झाकण ठेवून तासन् तास मंद आचेवर भाजायचं असेल तर करवंटी. ती घट्ट असते, पेटायला वेळ घेते, पण एकदा धरली की धग सारखी राहते. मात्र तिला धुराचा स्वाद जवळजवळ नसतो. तो हवा असेल तर सुक्या लाकडाचा एखादा तुकडा सोबत टाका. लाकडी कोळशाच्या ब्रिकेट लवकर तयार होतात. आणि झटपट कडक आच हवी असेल तर ब्रिकेटच्या मागे लागूच नका, अख्ख्या तुकड्यांचा लाकडी कोळसा घ्या.

पेटवायला चिमणी स्टार्टर, म्हणजे कोळसा भरून खालून पेटवायचा उभा पत्र्याचा डबा, वापरा, खाली कागद किंवा मेणाचा तुकडा पुरतो. साधारण वीस मिनिटांत वरच्या ब्रिकेटच्या कडा पांढुरक्या होतात, करवंटीला आणखी वेळ द्या.

एक गोष्ट कळकळीने सांगतो: ‘नॅचरल’ कोळशातूनही कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि त्याला वास नसतो. पाऊस आला म्हणून ग्रिल घरात, गॅरेजमध्ये किंवा तंबूत ओढू नका, विझत आलेलं असलं तरीही. राख दोन दिवस झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात राहू द्या. उरलेल्या ब्रिकेटही घट्ट झाकणाच्या डब्यात, जमिनीपासून उचलून ठेवा. त्या ओल धरतात आणि मग पेटतानाच धूर सुरू होतो.