चाकावरचे प्रश्न: पिवळा म्हणून गेलो, फोटो लाल आला

ताई, मेरशीच्या सिग्नलवर मी पिवळा असताना घुसलो. आठ दिवसांनी मोबाइलवर चलान आलं, लाल तोडला म्हणून. पोलीस असता तर सांगितलं असतं की मागून बस अंगावर येत होती, ब्रेक मारला असता तर चेपलो असतो. कॅमेऱ्याच्या खांबाला काय सांगणार? भरू की भांडू?
(एक वाचक, डिचोली)

खांबाला काही सांगू नका. खांबाने काय बघितलं ते आधी तुम्ही बघा. परिवहनच्या ई-चलान पानावर गाडीचा नंबर आणि चासीचे किंवा इंजिनचे शेवटचे पाच आकडे घातले की तुमचं चलान निघतं. बहुतेकदा फोटोही तिथेच असतो. बरेच जण रक्कम वाचून चिडतात आणि फोटो उघडतच नाहीत.

असे कॅमेरे साधारण दोन फोटो काढतात. पहिल्यात लाल दिवा लागलेला आणि गाडी अजून थांबण्याच्या पांढऱ्या रेषेच्या अलीकडे असते, दुसऱ्यात गाडी पलीकडे गेलेली. तुमच्या पहिल्याच फोटोत चाकं रेषेपलीकडे असतील, तर तुम्ही खरोखरच पिवळ्यात शिरलात. मग जरूर हरकत घ्या. चाक अलीकडे आणि दिवा लाल असेल, तर भाऊ, भरून टाका.

हे मी अनुभवाने सांगते. मी गाडी शिकवते; गेल्या पावसात माझ्या एल-बोर्डच्या गाडीचं चलान आलं. गाडी शिकाऊ मुलगी चालवत होती. ती शपथेवर सांगत राहिली, "हळदुवो आसलो (पिवळा होता), मॅडम!" फोटो उघडला. लाल दिवा स्वच्छ, पुढचं चाक रेषेच्या दोन हात अलीकडे, वायपर अर्ध्यावर उभा. माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. तो मी दाबला नाही, कारण मी वहीत पुढच्या विद्यार्थ्याची वेळ लिहीत होते. दंड मी भरला, तिच्याकडून घेतला नाही.

आता पिवळ्याचं. आपल्याकडे पिवळा म्हणजे "पळा" असा समज पक्का आहे. नियम उलटा आहे: रेषेच्या अलीकडे थांबा, सुरक्षित थांबता येणार नाही इतके जवळ पोचला असाल तरच पुढे जा. हे "इतके जवळ" म्हणजे किती, ते मी फळ्यावर मांडून दाखवते. पिवळा तीन सेकंद धरू. ताशी 40 ने तेवढ्यात गाडी 33 मीटर जाते. ओल्या रस्त्यावर पाय ब्रेकवर जायला एक सेकंद, मग घसरत थांबणं, सगळं मिळून 32 मीटर. म्हणजे कुठेही असलात तरी एक तर थांबता, नाही तर निघून जाता. ताशी 60 ने याल तर पिवळ्यात 50 मीटर जाल, पण थांबायला 63 लागतील. मधल्या तेरा मीटरांत सापडलात की थांबताही येत नाही, सुटताही येत नाही. तुम्ही बहुधा तिथेच होता, आणि मागचा बसवालाही. तुमच्या गोष्टीत बस खरी असेलच, पण मी विचारेन, तुम्ही सिग्नलकडे किती स्पीडने येत होता?

मी मडगावला टॅक्सी चालवतो. स्पीडोमीटरवर 65 होते, कॅमेऱ्याने 71 दाखवले. यंत्र खोटं बोलतं याचा हा पुरावा नाही का?
(एक टॅक्सीचालक)

तुमचा प्रश्न मला फार आवडला. स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवणार नाही, अशी काळजी बनवतानाच घेतलेली असते. थोडा जास्तच दाखवतो. म्हणून कॅमेऱ्याचा आकडा मीटरच्या वर गेला की काहीतरी गडबड आहे, हे तुमचं बरोबर. पण गडबड कुणाकडे?

एक सांगा, टायर कंपनीचेच आहेत की दिसायला बरे म्हणून मोठे घातले? मीटर चाकाच्या फेऱ्या मोजतो, रस्ता मोजत नाही. चाक मोठं केलं की एका फेरीत गाडी जास्त जाते आणि मीटरला त्याचा पत्ता नसतो. व्यास पाच टक्के वाढला तर मीटरच्या 65 ला खरे 68 होतात. टायर मूळचेच असतील, तर मात्र फोटोत शेजारच्या लेनमध्ये दुसरी गाडी आहे का, आकडा तिचा तर नाही, ते बघा. एक ऐकीव तक्रार नेहमी येते की कॅमेरा तिरका लावलाय म्हणून जास्त दाखवतो. खांबावरच्या रडारचं गणित उलट आहे: तिरकं बघितलं की वेग कमीच मोजला जातो.

यंत्र डोळे झाकून मानायचं असंही नाही. 2021 च्या ऑगस्टमध्ये आलेल्या केंद्राच्या नियमाने (167अ) अशा उपकरणाला मंजुरीचं प्रमाणपत्र लागतं आणि ते दर वर्षी नवं करावं लागतं. हरकत घेताना ते मागा. पण टायर आधी तपासा, नाही तर तुमच्याच पुराव्याने तुम्ही अडकाल.

जाता जाता: पूर्वी जगभर गाजलेला, वेग मोजणारा गॅट्सो कॅमेरा ज्याने काढला, तो मॉरिस गॅट्सोनिडेस डच रॅली ड्रायव्हर होता, 1953 ची माँटे कार्लो रॅली जिंकलेला. वळणावर आपण किती वेगाने जातो हे मोजायला त्याने ते यंत्र बनवलं. पुढे ते त्याच्यासारख्यांनाच पकडू लागलं.

स्कूटर माझ्या नावावर, चालवत होता भाचा. दंड मला का?
(एक वाचक, म्हापसा)

कारण कॅमेरा चेहऱ्यावर नाही, नंबरप्लेटवर जातो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 133 प्रमाणे चालक कोण होता हे विचारल्यावर सांगणं मालकाचं काम आहे. भाच्याचं नाव सांगा, मग घरी काय व्हायचं ते होईल. मात्र गाडी अंगणात उभी असताना दुसऱ्या राज्यातलं चलान आलं, तर कुणी तुमचा नंबर लावून फिरतोय. फोटोतला रंग, आरसा, डिकी तुमच्या गाडीशी ताडून बघा आणि लगेच पोलिसांत लेखी द्या. आमच्या आळीत एकाच्या पांढऱ्या स्कूटरला निळ्या स्कूटरचं चलान आलं होतं, आणि त्याने ते "कटकट नको" म्हणून भरलंही! असं करू नका.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ई-चलानच्या नावाने एपीके फाइल आली, तर ती उघडू नका. खरं चलान अ‍ॅप उतरवायला सांगत नाही.

कॅमेरे कुठे कुठे आहेत त्याची यादी छापाल का?
(तीन वाचक, एकच प्रश्न)

नाही. खांब चुकवायला कशाला बघता? 2017 साली गोवा पोलिसांनी ट्रॅफिक सेंटिनेल योजना काढली, लोकांनी फोटो पाठवायचे आणि गुण मिळवायचे. तेव्हा शेजाऱ्याने शेजाऱ्याचा फोटो काढला आणि चवथीला एकमेकांच्या घरी जाणं बंद झालं, असं मी डोळ्यांनी बघितलंय. त्यापेक्षा खांब बरा, तो कुणाच्या नात्यातला नाही. शिवाय पुढे कॅमेरा आहे हा फलक रस्त्यावर लावायचाच असतो. फर्मागुडीच्या उतारावर माझ्या वर्गाची गाडी ताशी 30 ने उतरताना दिसेल, मागून हॉर्न वाजवू नका.