आत घेतलेल्या ऑक्सिजनचे पेशीत काय होते?

खानापूरच्या मराठी शाळेतून बेळगावात पीयूसीला (अकरावी-बारावीला) आल्यावर श्वसनाचा धडा तोंडपाठ करूनही ‘आत घेतलेल्या ऑक्सिजनचे पेशीत नेमके काय होते’ हे सांगता येत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. माझी अडचण नेमकी हीच होती. टप्प्यांची नावे तुम्हाला येतातच, म्हणून ती पुन्हा सांगत नाही.

तोंडी परीक्षेत मी ‘ऑक्सिजनचाच कार्बन डायऑक्साइड होतो’ असे ठामपणे सांगितले आणि गुण गमावले. ज्या शिकवणीत ते वाक्य वहीत उतरवून दिले होते, तिथे शंका घेऊन गेलो, तर ‘एवढ्या खोलात कोणी विचारत नाही’ म्हणून परत पाठवले. गुणांपेक्षा मोठे नुकसान पुढे झाले: क्रेब्स चक्र, म्हणजे श्वसनातला कार्बन डायऑक्साइड सोडणारा अभिक्रियांचा फेरा, मला वर्षभर उमगला नाही, कारण मी त्यात ऑक्सिजन शोधत होतो आणि तो तिथे नव्हताच.

ग्लुकोजचे सहाही कार्बन तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात, पेशीच्या ऊर्जाकेंद्रात) कार्बन डायऑक्साइड होऊन सुटतात: दोन कार्बन पायरुवेटचे (ग्लुकोज अर्धे तुटून होणाऱ्या रेणूचे) विघटन होताना आणि चार क्रेब्स चक्रात. त्या वायूतला ऑक्सिजन ग्लुकोजमधून आणि पाण्यातून येतो. आपण श्वासाने घेतलेला ऑक्सिजन थांबतो तो इलेक्ट्रॉन वहन साखळीच्या (अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन हातोहात पुढे देणाऱ्या रेणूंच्या रांगेच्या) अगदी शेवटी. तिथे तो इलेक्ट्रॉन आणि हायड्रोजन आयन स्वीकारतो व त्याचे पाणी होते. तो न मिळाल्यास साखळी तुंबते, साखळीला इलेक्ट्रॉन आणून देणाऱ्या एनएडीएचचे पुन्हा एनएडी होत नाही, आणि ते न मिळाल्याने ऑक्सिजन थेट न वापरणारे क्रेब्स चक्रही बंद पडते. माझ्या मते हे एक वाक्य समजले की अर्धा धडा समजला.

एका ग्लुकोजमागे किती एटीपी (पेशीची ऊर्जा साठवणारे रेणू) होतात, या आकड्यावरून मात्र वाद घालू नका. जुन्या हिशेबात 36 किंवा 38 येतात, आता साधारण 30 ते 32 मानतात; मी परीक्षक नाही, त्यामुळे उत्तरपत्रिकेत तुमच्या पुस्तकातला आकडाच लिहावा, असे सुचवतो.

जमल्यास एका थर्मासमध्ये मोड आलेले मूग आणि दुसऱ्यात उकडून गार केलेले मूग भरून, कापसाच्या बोळ्यातून तापमापी खोचून ठेवा. दुसऱ्या दिवशी मोडाच्या मुगाचा पारा वर चढलेला दिसेल, कारण सगळी ऊर्जा एटीपीत साठत नाही, बरीचशी उष्णता होऊन जाते. उकडलेले मूग आधी जंतुनाशकाच्या पाण्यातून काढावेत. नाहीतर ते कुजू लागतात आणि त्यांवरच्या जंतूंच्या श्वसनाने तोही थर्मास तापतो.