मित्रांमध्ये सगळे हसतात, मग माइकवर शांतता का?

"ग्रुपमध्ये मी बोलायला लागले की लोक पोट धरून हसतात, आणि ओपन माइकला तेच बोलले तर कुणी ढिम्म हलत नाही, म्हणजे मी विनोदी आहे हा माझा भ्रमच होता का?" ओपन माइक म्हणजे जिथे कुणीही नाव देऊन थोडा वेळ स्टेजवर आपले विनोद करून बघू शकतं असा कार्यक्रम. हौशी स्टँडअप करणारी जी मंडळी माझ्याकडे समुपदेशनाला येतात त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा हाच प्रश्न असतो, फक्त शब्द वेगळे. त्यातल्या एकीबद्दल लिहिते. तिची परवानगी घेतलीय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

नोकरी करणारी, पंचविशीतली मुलगी. पहिला स्पॉट, म्हणजे स्टेजवर मिळालेली वेळ, मस्त गेला कारण समोर निम्म्या मैत्रिणीच बसलेल्या, नंतर ती एकटी जायला लागली आणि एका रात्री सेट, म्हणजे तिने सादर केलेले सगळे विनोद, पूर्ण पडला. सेट पडणं काही विशेष नाही, सगळ्यांचा पडतो, पण हिची त्यानंतर झोप उडाली, ती पाच मिनिटं डोक्यात पुन्हा पुन्हा चालायची आणि हळूहळू ऑफिसात पण ती गप्प गप्प राहायला लागली, जेवताना कुणी काही बोललं तरी पटकन सुचलेलं वाक्य गिळून टाकायची. मला काळजी वाटली ती ह्या गिळण्याची.

"कोणीच हसलं नाही" हे तिचं ठाम म्हणणं. मी विचारलं रेकॉर्डिंग आहे का, कारण बहुतेक जण फोनवर आपला सेट रेकॉर्ड करतात. होतं, पण ऐकायची हिंमत झाली नव्हती. मग आम्ही असं केलं, आधी तिने आठवणीतून कागदावर लिहिलं की कुठे हसू आलं, कुठे शांतता, किती वेळ, आणि मगच दोघींनी मिळून ते ऐकलं. कागदावर होतं "हसू: शून्य". रेकॉर्डिंगमध्ये दोन ठिकाणी हसू होतं, छोटं पण स्पष्ट, आणि त्यातल्या एका ठिकाणी लोक हसायला लागले तोवर ही पुढचं वाक्य बोलायला लागली होती, म्हणजे आलेलं हसू तिनेच कापलं. जी शांतता तिला संपता संपत नव्हती ती घड्याळात दोन सेकंदांची निघाली आणि तिसऱ्या सेकंदाला तिचाच आवाज, "सॉरी, हे नाही चाललं."

हे चक्र नीट समजून घ्या. भीती वाटली की बोलण्याचा वेग वाढतो, वेग वाढला की सेटअपमधली, म्हणजे विनोदाआधीच्या तयारीतली, गरजेची माहिती पटापट निघून जाते, पंचलाइन, म्हणजे हसवणारी ओळ, आली तरी लोकांना जोडणी करायला वेळच मिळत नाही, ते हसत नाहीत आणि तोच मग पुरावा होतो की बघा मी विनोदी नाहीच. क्लार्क आणि वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी 1995 मध्ये सामाजिक भीतीचं जे मॉडेल मांडलं त्यात हेच आहे, माणसाचं लक्ष समोरच्यांवरून स्वतःकडे वळतं, आत जे वाटतंय तेच बाहेर दिसतंय असं तो धरून चालतो, वाचण्यासाठी घाई करतो, माफी मागतो, आणि घरी जाऊन सगळ्याची चिरफाड करत बसतो. सविट्स्की आणि गिलोविच यांच्या 2003 च्या प्रयोगांत भाषण करणाऱ्यांना आपली घबराट जितकी दिसतेय असं वाटत होतं तितकी ऐकणाऱ्यांना दिसत नव्हती, आणि ही गोष्ट आधीच सांगितलेल्या लोकांची भाषणं जास्त चांगली झाली. मी हे मुद्दाम सांगते कारण नुसतं "घाबरू नकोस" म्हणण्याने काही होत नाही, हे कळल्याने होतं.

आता मित्रांचं हसू. ते खोटं नसतं हो. रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी हसण्याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला, त्यांना असं दिसलं की एकटं असण्यापेक्षा माणसं सोबतीत सुमारे 30 पट जास्त हसतात, आणि रोजच्या गप्पांमधलं बरंचसं हसू विनोदावर नसतंच, अगदी साध्या वाक्यांवर असतं. मैत्रिणींना तुमचा बॉस माहीत असतो, तुमचा चेहरा माहीत असतो, सेटअप आधीच तयार असतो. अनोळखी खोलीत तो शून्यापासून बांधायला लागतो, आणि ओपन माइकला तर समोर बसलेल्यांपैकी कितीतरी जण स्वतःच्या नंबरची वाट बघत मनात आपल्याच ओळी घोकत असतात, त्यात खुर्च्या अर्ध्या रिकाम्या, लोक विखुरलेले. अशा खोलीतल्या शांततेवरून स्वतःची लायकी ठरवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. नाव झालेले कॉमेडियनसुद्धा नवीन मटेरियल कच्चं असताना छोट्या खोल्यांमध्येच तपासतात.

पण खरी गाठ वेगळीच होती, ती चौथ्या-पाचव्या भेटीत निघाली. पडलेल्या सेटमध्ये तिने वडिलांच्या आजारपणावरचा भाग पहिल्यांदा केला होता. त्या शांततेचा तिने अर्थ लावला की कुणाला काही पडलेलं नाही, रेकॉर्डिंग पुन्हा ऐकल्यावर मात्र ऐकू आलं की खोली एकदम लक्ष देऊन ऐकत होती, फक्त ह्यावर हसायची मुभा आहे का हे त्यांना कळत नव्हतं, कारण तिचा आवाज थरथरत होता. मी तिला विचारलं, हे ऐकून लोक हसले नाहीत तर तुला घरी जाऊन नीट झोप लागेल का? ती बराच वेळ रडली. स्वतःच्या दुःखावर विनोद जरूर करावा, त्यातून फार चांगलं काम होतं, पण जखम अजून इतकी ओली असेल की ती बरी आहे हे अनोळखी लोकांच्या हसण्यावरून ठरणार, तर तो भाग सध्या वहीत राहू द्या. तिने तो वहीत ठेवला आणि वडिलांबद्दल आम्ही स्वतंत्रपणे बोलायला लागलो, मला वाटतं तिथेच जास्त फरक पडला.

बाकी मग साध्या गोष्टी. प्रत्येक स्पॉटला "हसवायचंय" असं न ठरवता फक्त दोन नवीन ओळी तपासायच्या. पंचलाइननंतर श्वास पूर्ण सोडायचा, मगच पुढे. स्टेजवरून माफी बंद. चिरफाड त्याच रात्री नाही, दुसऱ्या दिवशी, रेकॉर्डिंग समोर ठेवून आणि वेळ ठरवून. आणि नंबर यायच्या आधी छातीत धडधडलं तर "शांत हो" म्हणण्यापेक्षा "मी उत्सुक आहे" म्हणायचं, अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स यांच्या 2014 च्या अभ्यासात असं म्हणणाऱ्या लोकांचं गाणं आणि भाषण दोन्ही जास्त चांगलं झालं.

दोन गोष्टी लोक हळूच विचारतात म्हणून सांगते. स्टेजवर जायच्या आधी एक पेग घेतला तर सोपं जातं का? त्या रात्री कदाचित, पण मग मेंदू शिकतो की पेगशिवाय जमत नाही, आणि टायमिंगही बिघडतं. आणि धडधड थांबवणारी प्रोप्रॅनोलॉलची गोळी मित्राकडून मागून घेऊ नका, दमा असेल तर ती धोकादायक आहे, डॉक्टरांशी बोलूनच काय ते ठरवा. झोप, भूक, नोकरी, माणसांशी बोलणं ह्यावर परिणाम व्हायला लागला असेल तर पुढच्या स्पॉटची वाट न बघता समुपदेशकाकडे या.

तिचे सेट अजूनही कधी कधी पडतात. ऑफिसात ती पुन्हा बोलायला लागलीय.