मग शुक्राची हवा का नाही उडाली?

तुमच्या लेकीचा प्रश्न बिनतोड आहे. मंगळाला चुंबकीय कवच उरलं नाही म्हणून सौरवाऱ्याने, म्हणजे सूर्याकडून सतत सुटणाऱ्या विद्युतभारित कणांच्या झोताने, त्याची हवा पळवली, तर शुक्रालाही कवच नाही. मग तिथे पृथ्वीच्या ९२ पट दाब कसा टिकला? ‘कवच गेलं, हवा गेली’ हे पुण्यातल्या व्याख्यानांत मीही बरीच वर्षं ऐकतोय. ते अर्धंच खरं आहे.

सौरवारा हवेला ढकलून नेतो, हे आधी डोक्यातून काढा. वेग सेकंदाला ४०० किलोमीटर असला तरी तो कमालीचा विरळ असतो. मंगळाच्या जमिनीवरचा हवेचा दाब आपल्या एक टक्काही नाही, पण सौरवाऱ्याचा दाब त्याच्याही हजारो कोटी पट कमी! सगळा खेळ चालतो वर, शंभर-दोनशे किलोमीटरच्या पुढे. तिथे सूर्याचे अतिनील किरण अणूंचे इलेक्ट्रॉन काढून घेतात. अणू असा विद्युतभारित झाला, की सौरवाऱ्याबरोबर आलेलं चुंबकीय क्षेत्र त्याला उचलतं. असे काही विद्युतभारित अणू, म्हणजे आयन, सुटतात. काही उलटे येऊन वातावरणावर आदळतात आणि कॅरमच्या स्ट्रायकरसारखे दुसऱ्या अणूंना बाहेर उडवतात. मंगळाच्या हवेतला आर्गॉन वायू मुख्यतः असाच गेला. मंगळाभोवती फिरणाऱ्या नासाच्या मेव्हन यानाने त्याच्या हलक्या-जड समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं) प्रमाण मोजलं, त्यावरून २०१७ साली अंदाज आला: सुमारे ६५ टक्के आर्गॉन अवकाशात.

आयनांची आजची गळती मात्र सेकंदाला जेमतेम १०० ग्रॅम. मी आकडेमोड करून पाहिली, या वेगाने उरलेली हवा संपायला ८०० कोटी वर्षं लागतील. म्हणजे खरी लूट जुनी, तरुण सूर्याचे अतिनील किरण आणि वारा दोन्ही जोरात होते तेव्हाची.

शुक्राचं म्हणाल, तर तिथून निसटायला सेकंदाला १०.४ किलोमीटर वेग लागतो, मंगळावरून ५. शिवाय साठाच अफाट. गळती तिथेही आहेच: युरोपच्या व्हीनस एक्सप्रेस यानाला हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे आयन साधारण दोनास एक, म्हणजे पाण्याच्याच प्रमाणात, जाताना दिसले. पाणी गेलं, कार्बन डायऑक्साइड राहिला. आपल्याकडेही, कवच असून, ध्रुवांवरून ऑक्सिजन गळतो. कवच नेमकं किती वाचवतं यावर तज्ज्ञांत अजून जुंपलेली आहे.

आणि तुम्ही म्हणता तशी आदित्य-एल१ या आपल्या सूर्य-अभ्यासक यानावरची, पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेची ‘सूट’ दुर्बीण सौरवारा मोजत नाही हो! ती २०० ते ४०० नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात सूर्याची छायाचित्रं घेते. वारा मोजायला त्याच यानावर ‘ॲस्पेक्स’ आणि ‘पापा’ ही उपकरणं आहेत. मंगळाच्या हवेतले इलेक्ट्रॉन काढणारं अतिनील तर याहून बऱ्याच लहान तरंगलांबीचं, १०० नॅनोमीटरच्या खालचं.