प्रेरणा की नक्कल?

प्रश्न : शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात, व्हिन्सेंट व्हॅन गॉग या डच चित्रकारापासून प्रेरणा घेऊन आपल्याकडच्या चित्रकारांनी केलेल्या चित्रांचे प्रदर्शन नुकतेच पाहिले. रंकाळ्यावर त्याच्या ‘तारांकित रात्री’चे आकाश होते, एका चित्रात गुऱ्हाळ होते. मला चित्रे आवडली. पण बाहेर पडताना एक गृहस्थ ‘ही सरळ नक्कल आहे’ असे म्हणाले आणि मला उत्तर सुचले नाही. नववीतला माझा मुलगा तेव्हापासून मोबाईलवर पाहून तेच आकाश उतरवत बसतो. त्याला थांबवावे का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ते प्रदर्शन मीही पाहिले, आणि त्या गृहस्थांचे म्हणणे काही चित्रांपुरते मला मान्य आहे. आपण उल्लेखिलेल्या रंकाळ्याच्या चित्रात संध्यामठाशेजारी सायप्रसचे उंच, काळपट झाड उभे केलेले आपल्याला आठवत असेल. ‘तारांकित रात्र’ हे चित्र व्हॅन गॉगने जून १८८९ मध्ये फ्रान्सच्या दक्षिणेस, सें-रेमी येथील मनोरुग्णालयात असताना रंगवले, आणि त्या मुलखात सायप्रस जागोजागी दिसतो म्हणून तो त्याच्या चित्रात आला. रंकाळ्याकाठी मात्र तो केवळ मूळ चित्रात होता म्हणून आला आहे. आकाशातल्या भोवऱ्यांचेही तसेच. ते पाण्यात उतरलेलेसुद्धा नाहीत, आणि तळ्याचे चित्र काढणाऱ्याच्या नजरेतून हे सुटावे याचे मला नवल वाटले.

गुऱ्हाळाच्या चित्राची गोष्ट वेगळी आहे. काहिलीतला उकळता रस, त्यावरचा फेस, मळी काढण्यासाठी वाकलेला गुळव्या आणि वर चढत जाताना वळणारी वाफ हे सारे त्या चित्रकाराने आखूड, जाड फटकाऱ्यांत रंगवले आहे. कडेला उभे राहून पाहिले तर रंगाच्या उंचवट्यांची बारीक सावली कॅनव्हासवर पडलेली दिसत होती. रंगाचा असा जाड थर देण्याची रीत व्हॅन गॉगची खरी. पण उकळता रस घुसळल्यासारखा दिसतोच, त्यामुळे तिथे ती रीत उसनी वाटत नाही. वाफ कशी वळते हे त्या चित्रकाराने गुऱ्हाळावर उभे राहून पाहिले असले पाहिजे, आणि तेवढे पाहणे झाल्यावर फटकारा कोणाकडून शिकला याची चौकशी करण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही.

शिवाय, ज्याची नक्कल केल्याचा आरोप आहे त्याने स्वतः दुसऱ्यांची चित्रे उघडपणे उतरवली होती. पॅरिसमध्ये असताना, १८८७ साली, त्याने हिरोशिगे या जपानी चित्रकाराच्या मुद्राचित्रांवरून तैलचित्रे केली, त्यांतले रंग भडक केले आणि भोवती जपानी अक्षरांची चौकट स्वतःहून जोडली. पुढे सें-रेमीला त्याने मिले या फ्रेंच चित्रकाराच्या शेतकऱ्यांवरून वीसएक चित्रे रंगवली. त्याच्यासमोर होत्या त्या मिलेच्या चित्रांच्या काळ्या-पांढऱ्या छापील प्रती. रंग त्याचे त्यालाच शोधावे लागले. भाऊ थिओला लिहिलेल्या पत्रात त्याने या कामाची तुलना, दुसऱ्याची रचना आपल्या परीने वाजवणाऱ्या वादकाशी केली आहे. अल्लादियाँ खाँसाहेब जिथे दरबारगायक होते त्या गावात हे अधिक उलगडून सांगायला नको. एकच बंदिश चार गवई गातात आणि त्याला आपण नक्कल म्हणत नाही.

तेव्हा मुलाला थांबवू नये. मोबाईलवर मात्र रंगाचा थर दिसत नाही आणि मूळ चित्र साधारण तीन फूट रुंद आहे हेही कळत नाही, त्यामुळे तो फक्त भोवऱ्यांची नक्षी गिरवत राहण्याचा धोका आहे. त्याला त्या चित्राची कृष्णधवल प्रत काढून द्यावी, मोबाईल बाजूला ठेवायला सांगावे आणि रंग त्याचे त्याला ठरवू द्यावेत. एखाद्या सुटीच्या दिवशी टाऊन हॉल संग्रहालयात नेऊन आबालाल रहिमान यांची चित्रेही दाखवावीत. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून ते कोल्हापुरास परतले आणि रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा काठ रंगवत राहिले. ती चित्रे पाहून झाल्यावर त्याला तसाच रंकाळ्यावर न्यावे, शक्यतो दिवस मावळायच्या आधी, आणि सोबत वही द्यावी.